आधी दुर्घटना, मग कायदा : हा क्रम आपण नियम म्हणून स्वीकारला आहे का?

शीवकर

पर्यावरणविषयक कायद्यांच्या तारखा एका रकान्यात आणि मोठ्या दुर्घटनांच्या तारखा शेजारच्या रकान्यात लिहून पाहिल्या, तर दुसरा रकाना नेहमी पुढे आणि पहिला त्याच्या मागे असे दिसते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट धुरके साचून राहिले, हजारो माणसे दगावली आणि १९५६ मध्ये ब्रिटनचा स्वच्छ हवा कायदा आला. जपानमध्ये मिनामाताच्या उपसागरातील पाऱ्यामुळे होणारा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला आणि १९७० मध्ये तिथल्या संसदेने प्रदूषणाविषयीचे १४ कायदे एका अधिवेशनात संमत केले. इटलीतील सेवेसो येथे जुलै १९७६ मध्ये रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिन बाहेर पडले आणि १९८२ मध्ये युरोपीय समुदायाने घातक उद्योगांसाठी त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा निर्देश काढला. आपल्याकडे २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली आणि मे १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला.

मुंबईतही २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर प्लास्टिकच्या पिशव्या, मिठी नदी आणि कांदळवने हे विषय ठळकपणे शासनाच्या टेबलावर आले. म्हणून विचारतो : माणसे मेल्याखेरीज पर्यावरणाचा कायदा होतच नाही, असे म्हणायचे का? आणि तसे असेल, तर घाईत जन्मलेल्या अशा कायद्यांचा दर्जा कसा असतो?

ताकपिठले

थोडक्यात, पंचनामा हाती पडल्याशिवाय विधिमंडळाला मसुदा सुचत नाही.

जुनेदफ्तर

शीवकर, आपला क्रम आकर्षक आहे, परंतु तो मुंबईलाच लागू पडत नाही. मुंबई आणि कुलाबा बेटांच्या किनाऱ्यावरील उपद्रव व अतिक्रमणे हटवण्यासाठीचा कायदा १८५३ चा आहे. भरतीरेषेच्या खाली कोणी काही टाकले वा बांधले, तर ते काढून घेण्याची नोटीस देण्याचा अधिकार त्याने कलेक्टरला दिला. त्यामागे कोणतीही दुर्घटना नव्हती. बंदरात जहाजांची ये-जा निर्वेध राहावी, एवढा व्यापारी हेतू होता. त्यानंतर १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर उपद्रव कायदा आला, कारण गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर आता गिरणगावापुरता राहिला नव्हता. (धूर मलबार हिलपर्यंत पोहोचला की कायदा लवकर होतो, असा एक उपसिद्धान्त मांडायला हरकत नाही.)

याहून महत्त्वाचे उदाहरण १९६९ चे आहे. महाराष्ट्राने त्या वर्षी जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि सप्टेंबर १९७० मध्ये राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ मध्ये आला आणि आपण तो १९८१ मध्ये स्वीकारला. म्हणजे या बाबतीत राज्य दिल्लीच्या पुढे होते. अशा कायद्यांना जन्म देणारी गोष्ट मोठा अपघात नसते. नदीकाठच्या गावांच्या तक्रारी, मेलेले मासे, आरोग्य खात्याचे अहवाल असे रोजचे कंटाळवाणे कागद वर्षानुवर्षे साचतात आणि त्यांतून कायदा उभा राहतो. अशा कायद्यांचा वाढदिवस कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ते आपल्या रकान्यात दिसत नाहीत.

कलम_कारण

जुनेदफ्तर यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र शीवकरांचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, त्यावर सविस्तर लिहिते.

१९८६ चा अधिनियम भोपाळमुळे झाला असे आपण सगळेच म्हणतो; पण त्याची उद्देशिका वाचून पाहावी. तिच्यात भोपाळचा उल्लेख नाही. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या मानवी पर्यावरण परिषदेतील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी हा कायदा करण्यात येत आहे, असे तिथे म्हटले आहे. याला तांत्रिक कारण आहे. पाणी, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यांच्या सूचीत येतात, त्यामुळे १९७४ च्या जल अधिनियमासाठी संसदेला आधी राज्यांचे ठराव घ्यावे लागले होते. आंतरराष्ट्रीय परिषदेतील निर्णय अमलात आणण्यासाठी मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ खाली संसद थेट कायदा करू शकते. १९८१ च्या हवा अधिनियमाने हीच वाट घेतली होती. भोपाळने निकड निर्माण केली आणि अधिकाराचा आधार स्टॉकहोमने पुरवला. केवळ दुर्घटना घडली म्हणून कायदा होत नाही. तो करण्यासाठी घटनात्मक वाट आधीपासून तयार असावी लागते.

आता दर्जाविषयी. हा अधिनियम जेमतेम २६ कलमांचा आहे आणि त्याचा प्राण कलम ३ मध्ये आहे, ज्यानुसार पर्यावरणाच्या रक्षणासाठी आवश्यक वाटतील त्या सर्व उपाययोजना करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. संकटाच्या छायेत कायदा होत असताना सरकारच्या हाती व्यापक अधिकार सोपवणे सर्वांनाच योग्य वाटते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की सागरी किनारा नियमन क्षेत्राची १९९१ ची अधिसूचना, पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची १९९४ ची आणि नंतर २००६ ची अधिसूचना, हे सारे महत्त्वाचे संरक्षण संसदेच्या कायद्यात न येता अधिसूचनांमध्ये आले. अधिसूचना जशी मंत्रालयातून निघते, तशी ती मंत्रालयातूनच बदलते. त्यासाठी संसदेत चर्चा व्हावी लागत नाही. भोपाळनंतरच्या घाईची किंमत आपण आजही अशी मोजत आहोत, असे माझे मत आहे.

वेसावकर

कलमताई, तुम्ही म्हणता ती किनारा नियमनाची अधिसूचना आम्हा कोळीवाड्यातल्या लोकांना पाठ आहे, म्हणून लिहितो. तिच्या मागेही काही दुर्घटना नव्हती. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बांधकामांपासून मोकळा ठेवण्यास सांगितले होते. त्या पत्राला नियमाचे रूप येण्यास १९९१ साल उजाडले.

पुढे काय झाले ते मुंबईने पाहिले आहे. समुद्रात भराव टाकून रस्ता करण्यास १९९१ च्या आणि २०११ च्या अधिसूचनेत वाव नव्हता. तो डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीने अपवाद म्हणून मिळाला आणि सागरी किनारा मार्गाचा रस्ता मोकळा झाला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची परवानगी रद्द केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वरळीच्या आमच्या भावांना दोन खांबांमधून होड्या सुखरूप काढता याव्यात, यासाठी ६० मीटरचे अंतर १२० मीटर करून घेण्याकरिता वर्षानुवर्षे भांडावे लागले. दुसरीकडे आमच्यातल्या एखाद्याला वडिलोपार्जित घरावर माळा चढवायचा असेल, तर हीच अधिसूचना आडवी येते. कायदा दुर्घटनेनंतर आला की आधी आला, याहून तो कोणासाठी वाकतो हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

ताकपिठले

वेसावकर, भरतीरेषा आता भरावाच्या पलीकडे सरकली असल्याने तुमचे घर लवकरच किनाऱ्यावर राहणार नाही आणि माळ्याचा प्रश्न आपोआप सुटेल.

वेसावकर

तुम्ही विनोद करता. पण ज्यांनी नकाशे पाहिले आहेत, त्यांना यात फारसा विनोद दिसणार नाही.

सह्यकडा

शीवकरांच्या रकान्यांत एक जागा रिकामी राहते, ती पश्चिम घाटाची. इथे अभ्यास आधी झाला, इशारा आधी मिळाला, दुर्घटनाही घडल्या, आणि तरीही नियम आला नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो कठोर वाटल्याने कस्तुरीरंगन यांच्या नेतृत्वाखालील कार्यगटाने २०१३ मध्ये दुसरा, बराच सौम्य अहवाल दिला. त्यानंतर ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळ तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरजवळ इर्शाळवाडी. या प्रत्येक दरडीचे कारण एकच होते असे मी म्हणत नाही. उतार, पाऊस, मातीचा थर आणि जमिनीचा वापर यांचा वाटा ठिकठिकाणी वेगळा असतो. परंतु संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून निघत आहेत, मुदत संपली की पुन्हा काढले जात आहेत, आणि २०२४ च्या जुलैअखेरीस असाच आणखी एक मसुदा प्रसिद्ध झाला. दुर्घटना कायद्याला जन्म देते हे खरे असते, तर माळीणनंतर एवढा काळ लागायला नको होता.

पाटबंधारे_निवृत्त

सह्यकडा यांच्या मुद्द्याला जोड देतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील धरण फुटून मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. धरण सुरक्षा अधिनियम मात्र डिसेंबर २०२१ मध्ये संमत झाला, म्हणजे पानशेतनंतर साठ वर्षांनी. मधल्या काळात समित्या नेमल्या गेल्या, मार्गदर्शक सूचना निघाल्या, तपासण्यांचे नमुने तयार झाले. परंतु सुरक्षिततेत कसूर करणाऱ्याला जबाबदार धरणारा देशव्यापी कायदा नव्हता.

भोपाळनंतर दीड वर्षात कायदा होतो आणि पानशेतनंतर साठ वर्षे होत नाही, याचे कारण माझ्या मते साधे आहे. भोपाळमध्ये दोषी खाजगी होता आणि परकीय कंपनीशी जोडलेला होता. धरण बांधणारे, सांभाळणारे, त्याची चौकशी करणारे आणि कायद्याचा मसुदा लिहिणारे हे सगळे मात्र एकाच छपराखाली बसतात. मी त्याच छपराखाली नोकरी केली आहे, म्हणून हे विधान जबाबदारीने करतो.

जुनेदफ्तर

पाटबंधारे साहेबांनी धाग्याला खरी दिशा दिली. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करता येईल, यावर कायद्याचा वेग ठरतो, असे त्यांचे म्हणणे मी समजतो.

मिठीकाठ

तसे असेल, तर २६ जुलैचे उदाहरण याच सूत्रात बसते. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरवरून ५० पर्यंत वाढवावी, असे ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितले होते आणि ते काम बव्हंशी कागदावर होते. मिठीचे पात्र विमानतळाजवळ वळवले गेले होते, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीलगतच्या भूमीवर भराव पडला होता. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सगळ्याची चिकित्सा केली. परंतु जनतेपुढे सर्वांत आधी कोण उभे राहिले? प्लास्टिकची पिशवी. पिशवीने गटारे तुंबतात हे खरेच आहे आणि ५० मायक्रॉनच्या नियमाला माझा विरोध नाही. मात्र पिशवीला वकील नसतो, हेही तितकेच खरे आहे. पुढे २०१८ मध्ये अधिक व्यापक प्लास्टिकबंदी आली. आमच्या कुर्ल्यात पाणी भरायचे ते भरतेच.

२००५ सालातली टिकाऊ गोष्ट वेगळीच होती, आणि ती विधिमंडळातून आली नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरात कांदळवनांच्या तोडीला आणि त्यांच्याभोवती ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. ती याचिका महापुराच्या आधीपासून चालू होती. २०१८ च्या अंतिम निकालाने ते संरक्षण कायम केले आणि मधल्या काळात, २०१२ मध्ये, वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला.

नाविक_बीपीटी

समुद्रातील प्रदूषणाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि १९७३ मध्ये जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीचा मारपोल करार झाला. इथे शीवकरांचा क्रम तंतोतंत लागू पडतो. आपल्या बंदराबाहेर ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले आणि मासेमारी थांबली. जवळजवळ एका वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, कोळसा घेऊन जाणारे रॅक हे जहाज मुंबईच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली.

गंमत अशी की हे न्यायाधिकरण कुठल्याही अपघातामुळे निर्माण झालेले नाही. विधी आयोगाच्या २००३ च्या शिफारशीनंतर, २०१० मध्ये ते शांतपणे अस्तित्वात आले आणि दुसरे जहाज बुडाले तेव्हा तयार होते.

चेंबूरनाका

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट निसटते आहे असे वाटते. आपण ज्यांची नावे घेतली, त्या सगळ्या घटनांना तारीख आहे. माहुल आणि चेंबूरच्या हवेला तारीख नाही. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर अंतराळातून दिसला, तेव्हा तिला प्रथमच तारीख मिळाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या इमारतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि शहराच्या कचऱ्याचा प्रश्न एकदम बांधकाम व्यवसायाचा प्रश्न बनला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह ती मनाई सैल केली आणि चर्चा ओसरली.

आमच्या इमारतीतल्या वृद्धांना धाप लागते. संबंधित कार्यालयात तक्रार नेली, तर विचारतात की नेमका कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या चिमणीतून वास आला. संथ विषबाधेचा पंचनामा करण्याचा नमुनाच कोणाकडे नाही. भोपाळसारखा कायदा भोपाळसारख्या रात्रीसाठी लिहिला जातो; रोजच्या चिमूटभर विषासाठी १९१२ च्या धूर कायद्यासारखा निरीक्षक लागतो, जो शिडी लावून चिमणी पाहील.

कलम_कारण

चेंबूरनाका यांच्या शेवटच्या वाक्यावर एवढेच म्हणते की भोपाळसारख्या रात्रीसाठी लिहिलेला कायदाही भोपाळच्या वाट्याला आला नाही. गुन्ह्याचा कायदा मागे जाऊन लागू होत नाही. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० मध्ये कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणासाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवण्यास जानेवारी २०२५ उजाडला. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली, तेव्हा त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘संपूर्ण दायित्वा’चे तत्त्व मांडले, म्हणजे घातक धंदा करणाऱ्याने कोणतीही सबब न सांगता भरपाई द्यायची. कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण १९८७ मध्ये आले, सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम १९९१ मध्ये आला. या सगळ्याचा लाभ पुढच्यांना झाला. ज्यांच्या सोसण्यामुळे हे घडले, त्या भोपाळच्या लोकांना झाला नाही.

शीवकर

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. माझी मांडणी आता अशी बदलतो : दुर्घटनेमुळे कायदा तेव्हाच लवकर होतो, जेव्हा ती एका दिवसात घडते, तिचा दोष शासनाबाहेरच्या कोणावर ठेवता येतो आणि कायदा करण्याची वाट आधीच तयार असते. पानशेत दुसऱ्या अटीत अडकले, माहुल पहिल्या. माळीण कशात अडकले, हे सह्यकडा यांनी सांगावे.

सह्यकडा

माळीणमध्ये पाऊस आरोपी ठरला. पावसावर अधिसूचना काढता येत नाही.

मिठीकाठ

शीवकर काका, या यादीला उलट बाजूही जोडावी. कायदा कठोर होण्यासाठी दुर्घटना लागते. तो सैल करण्यासाठी काहीही लागत नाही. १९८६ च्या अधिनियमात उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने ती काढून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. कैदेची शिक्षा फारशी कोणाला झाली नव्हती, त्यामुळे दंड तरी वसूल होईल, असा त्यामागचा युक्तिवाद आहे आणि तो पूर्णपणे टाकाऊ नाही. पण हा बदल झाला त्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली, ते आठवून पाहावे.

पाटबंधारे_निवृत्त

मोठ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलनाचा खर्च.

वेसावकर

कलमताई, मग आमच्यासारख्यांनी नेमके करायचे काय? न्यायालयात जायला पैसे नाहीत आणि अधिसूचना निघाल्याचे कळते, तेव्हा होड्यांसमोर खांब उभे राहिलेले असतात.

कलम_कारण

वेसावकर दादा, दोन ठिकाणी आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे आणि दोन्ही ठिकाणी तो मुदतीत वापरावा लागतो. पहिले ठिकाण मसुदा अधिसूचनेचे. राजपत्रात मसुदा आला की साधारणपणे ६० दिवसांत हरकती पाठवता येतात. आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात आला, तेव्हा देशभरातून लाखो हरकती गेल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही. त्यातले अनेक बदल नंतर कार्यालयीन ज्ञापनांतून सुटे सुटे आणले गेले, ही गोष्ट वेगळी. तोच मसुदा आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने तेव्हा दिला होता.

दुसरे ठिकाण जनसुनावणीचे. २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना ती बंधनकारक आहे, त्यांच्या सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी स्थानिक भाषेतील दैनिकातही द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश त्या भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो मिळाला नसेल, तर सुनावणीत सर्वांत आधी तेवढीच हरकत लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवली आहे की नाही हे तिथेच पाहावे. पुढे कोणी न्यायालयात गेले, तर हा कागद उपयोगी पडतो. वेसाव्यात मासेमारी सोसायटीच्या नावाने असे अर्ज करायचे असतील, तर नमुना मला व्यक्तिगत निरोपातून मागवावा. मी मराठीत तयार करून देईन.